मोजक्या खर्चात नेमका स्वर

घराघरांतील संगीतश्रवणाचे साधन गेल्या शतकभरात अनेकदा बदलले. ग्रामोफोनची तबकडी, रेडिओ, कॅसेट आणि सीडी असा प्रवास करीत आज अनेकांचा संगीतसंग्रह लॅपटॉपमध्ये येऊन विसावला आहे. संग्रह अफाट झाला. मात्र तो ज्या स्पीकरमधून ऐकायचा, त्याचा आकार एखाद्या नाण्याहून फारसा मोठा उरला नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मोठी रक्कम लागतेच असे नाही. लागते ती खर्चाचा क्रम ठरविण्याची दृष्टी.

तंबोऱ्याची कसोटी

लॅपटॉपच्या स्पीकरची मर्यादा जाणून घेण्यास तंबोऱ्यासारखी कसोटी नाही. मनुष्याचा कान साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू शकतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा, तर त्याच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. स्वर जितका खालचा, तितकी अधिक हवा स्पीकरच्या पडद्याला हलवावी लागते. चपट्या लॅपटॉपमधील इवल्याशा स्पीकरला ते साधत नाही. साधारणतः २०० हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज क्षीण होत जातो. तरीही तंबोरा वाजत असल्याचे कळते, कारण जवारीमुळे उमटणारे वरचे सहस्वर ऐकून मेंदू मूळ स्वराची पोकळी स्वतःच भरून काढतो. खर्जाचा भास होतो, पण खोलीत खर्ज नसतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याचीही तीच गत होते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. पण तेथील कारागिराने जवारी लावताना घेतलेले कष्ट श्रोत्यापर्यंत असे अर्धेच पोहोचतात.

पहिला खर्च कशावर?

लॅपटॉपमधील अंकीय माहितीचे विद्युतलहरींत रूपांतर करणारा भाग आता बऱ्यापैकी चांगला असतो. स्वराची सर्वाधिक हानी होते ती स्पीकरमध्ये. म्हणून १०,००० रुपयांची तरतूद असेल, तर त्यातील ८,००० रुपये स्पीकरच्या जोडीसाठी राखावेत आणि उरलेल्या रकमेत वायर व स्टँड बसवावेत. वेगळा डॅक, म्हणजे बाहेरून जोडायचा रूपांतरक, घेण्याची घाई नको. हेडफोनच्या छिद्रातून खरखर ऐकू येत असेल, तरच त्याचा विचार करावा.

ज्या स्पीकरमध्ये अँप्लिफायर अंतर्भूत असतो, अशी जोडी या कामी सोयीची. तिच्यातील चार इंची वूफर तंबोऱ्याच्या खर्जाच्या आसपास पोहोचू शकतो. स्वस्त २.१ संचांत सबवूफरचा दणदणाट असतो. परंतु गायकाचा गळा ज्या मधल्या पट्टीत वावरतो, तीच दुबळी राहते.

खोक्यावरील वॅटच्या आकड्यांना भुलू नये. 'पीएमपीओ' हा क्षणिक कमाल शक्तीचा, जाहिरातीला उपयोगी पडणारा आकडा आहे. पाहावा तो 'आरएमएस'. शिवाय शक्ती दुप्पट केली, तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट भासण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते.

विनामूल्य सुधारणा

स्पीकरइतकेच महत्त्व त्याच्या जागेला आहे, आणि तिला पैसा पडत नाही. दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि उंच स्वर देणारे ट्वीटर कानाच्या पातळीत असावेत. स्पीकर कोपऱ्यात ठेवल्यास खालचे स्वर फुगून गढूळ होतात. उघड्या भिंतींच्या खोलीत जाड पडदा आणि सतरंजी प्रतिध्वनी आवरतात. चार्जर लावताच गुणगुण सुरू झाली, तर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर जोडून पाहावेत. ब्लूटूथ सोयीचे असले, तरी त्यात ध्वनी आणखी आक्रसतो आणि चित्रापेक्षा मागेही पडू शकतो; वायर साधी असली, तरी भरवशाची.

ध्वनिमुद्रणाचा दर्जाही तपासावा. सीडीवर प्रतिसेकंद ४४,१०० नमुने नोंदलेले असतात आणि त्यांतून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी साकारतात. कानाची मर्यादा याच्या अलीकडेच संपते आणि वयोमानानुसार ती आणखी खाली येते. म्हणून त्याहून मोठ्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्यात, विशेषतः ज्येष्ठ श्रोत्यांनी, अर्थ नाही. मात्र १२८ किलोबिटच्या जुन्या एमपी-३ फाइलीतून गळालेला तपशील कोणताही स्पीकर परत आणू शकत नाही.

शेजार जवळ असल्यास हेडफोन हा उत्तम पर्याय. त्याच रकमेत तो स्पीकरहून अधिक तपशील देतो. तथापि, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. स्पीकर बदलता येतो. आतल्या कानातील नष्ट झालेल्या संवेदनपेशी पुन्हा उगवत नाहीत.

हप्त्याचा हिशेब

विक्रेते बिनव्याजी हप्त्यांचे आमिष दाखवितात. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते. रोखीवरील सवलत गमावणे, प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील वस्तू व सेवा कर या वाटांनी व्याज कोठे ना कोठे वसूल होते. त्यामुळे सर्व हप्ते आणि शुल्क यांची बेरीज करून ती रोख किमतीशी ताडून पाहावी. थोड्या रकमेची वस्तू चार-सहा महिन्यांच्या बचतीतून घेणे अधिक श्रेयस्कर.

खरेदीपूर्वी आपल्या नित्य परिचयाची एक मैफल दुकानात लावून ऐकावी. दूरस्थ खरेदी असेल, तर परतीची मुदत आधी पाहावी. आवाज मुद्दाम मंद ठेवावा, कारण मोठ्या आवाजात बहुतेक स्पीकर चांगलेच भासतात. मंद आवाजातही तंबोऱ्याचा खर्ज स्थिर राहिला आणि गायकाचा श्वास ऐकू आला, तर ती जोडी निःशंकपणे घरी आणावी.