हात कामात, डोकं रानात

पेपर तपासण्याइतकं कंटाळवाणं काम शिक्षकी पेशात दुसरं नसेल. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलांच्या परीक्षेचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासायचे. घरात चार मुलं, चार पैसे जास्त मिळाले तर हवेच होते. १९३० च्या आसपास अशाच एका गठ्ठ्यात कुणा परीक्षार्थीने एक पान कोरं सोडलेलं निघालं. टॉल्किन यांनी त्यावर बिळात राहणाऱ्या ‘हॉबिट’ नावाच्या एका जिवाविषयी एक वाक्य खरडलं. हॉबिट म्हणजे कोण, हे तेव्हा त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. १९३७ मध्ये ‘द हॉबिट’ छापून आलं आणि त्याच बिळातून पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ बाहेर पडलं.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारा खूश होतो. म्हणजे रटाळ काम करत बसलं की कधीतरी कादंबरी सुचणार! पण सांगताना गोष्टीतला अर्धा भाग बहुधा गळतो. त्या उन्हाळ्याच्या आधी दहा-पंधरा वर्षं टॉल्किन काल्पनिक भाषा आणि त्या बोलणाऱ्या लोकांची पुराणं रचत होते. कोरं पान त्याआधी कितीतरी परीक्षकांच्या हातात पडलं असेल. त्यांनी त्यावर शून्य मांडलं आणि पुढचा पेपर ओढला.

व्हर्जिनिया वुल्फ यांचंही तसंच. आई गेली तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या आणि चाळिशी उलटेपर्यंत आई त्यांच्या डोक्यातून हलली नाही. मग एक दिवस लंडनच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरभोवती फेरी मारताना ‘टू द लाइटहाउस’ ही कादंबरी आपसूक, एका लोंढ्यात सुचली, असं त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहिलंय. फेरी एका दिवसाची असली तरी तिच्यामागचं घोळणं तीस वर्षांचं होतं.

ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये सुचण्याचे चार टप्पे मांडले. आधी तयारी, मग विषय बाजूला ठेवून तो आतल्या आत मुरू देणं, मग अचानक उजेड पडणं आणि शेवटी सुचलेलं घासूनपुसून तपासणं. भांडी घासणं, फिरणं, बसची वाट पाहणं हे सगळं दुसऱ्या टप्प्यातलं. पहिला गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारली, तर भांडी तेवढी स्वच्छ होतात.

लेखकांवरच झालेला एक अभ्यास आहे. शेली गेबल आणि जोनाथन स्कूलर यांच्या चमूने तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. लेखक आणि भौतिकशास्त्रज्ञांना दोन आठवडे रोज विचारलं, आजची सगळ्यात चांगली कल्पना कोणती आणि ती सुचली तेव्हा काय करत होता? पाचातली एक कल्पना कामाबाहेर, मन भलतीकडे असताना आली होती. म्हणजे उरलेल्या चार काम करताना किंवा त्याच विषयाचा विचार करताना आल्या, हेही लक्षात ठेवायला हवं. फरक असा की भटकत्या मनाला सुचलेल्या कल्पना अडलेली गाठ सोडवणाऱ्या निघण्याचं प्रमाण जास्त होतं. लिहिणाऱ्याला हे पटेल. टेबलाशी बसून पानं भरतात, पण पाचव्या प्रकरणात नायिका घर का सोडते हे कळतं ते दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभं असताना.

काम कसलंही चालत नाही. झॅक आयर्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये काही जणांना दोन माणसं कपड्यांच्या घड्या घालताहेत असा व्हिडिओ दाखवला, तर काहींना एका विनोदी सिनेमातला प्रसंग. अगदीच नीरस दृश्यापुढे मन भटकलं, पण त्यातून फारसं हाती लागलं नाही. थोडं गुंतवणाऱ्या दृश्यापुढे भटकलेलं मन मात्र कल्पना घेऊन आलं. अशा प्रयोगांवर अंधविश्वास नको. हलक्या कामाने कल्पकता वाढते असं दाखवणारा २०१२ चा एक गाजलेला प्रयोग पुढे इतरांनी करून पाहिला तेव्हा तसा निकाल आला नव्हता. तरी आयर्व्हिंग यांचं म्हणणं मला पटतं, कारण मेथी निवडताना तेच अनुभवाला येतं. पान खुडायचं, जून देठ टाकायचा, मधेच एखादं गवताचं पातं पकडायचं. डोळा जागा हवा, डोकं मोकळं चालतं.

आपल्याकडच्या बायकांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नाही. त्यांच्यापुढे जातं होतं. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने मूठमूठ वैरण घालायची. काम इतकं अंगवळणी की विचार करावा लागत नाही, पण अगदीच भान सुटलं आणि वैरण जास्त पडली तर पीठ जाडंभरडं येतं. पहाटेची वेळ, घर झोपलेलं, घरघरीत शब्द बुडून जाणारे. अशा वेळी माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीचा विठ्ठल असं सगळं ओवीत उतरलं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तोवर बहुतेक ठिकाणी पिठाची गिरणी आलेली होती.

जात्याने कविता दिली असं म्हणणं सोपं आहे. ते ओढणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने आधी गिरणीच मागितली असती. जळगावजवळच्या असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. वैधव्य लवकर आलं, पाठीशी शेत आणि चूल. त्यांच्या कवितेत जातं, मोट, पेरणी, सुगरणीचा खोपा येतो, कारण हात रोज तिथेच होते. पण रचलेलं कागदावर उतरवायची सोय त्यांच्याकडे नव्हती. मुलगा सोपानदेव, स्वतः कवी, त्याने आणि घरच्यांनी जमेल तसं टिपून ठेवलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. टिपलं गेलं नाही, ते किती होतं याचा हिशोब कुणाकडेच नाही.

म्हणून ‘घरकामात प्रतिभा फुलते’ असं कुणी फार कौतुकाने बोलू लागलं की मला शंका येते. फावल्या वेळात हौसेने चार कप विसळणाऱ्याचं मन भटकतं. पाच घरची भांडी घासून सहाव्या घरी वेळेवर पोचायचं आहे, तिचं मन घड्याळात अडकलेलं असतं. काम साधं असून भागत नाही, त्याची घाई नसावी लागते.

आणि आता ज्यांना घाई नाही त्यांच्याही हातात फोन आहे. रेशनची रांग, एसटीची वाट, दवाखान्याचा बाक, कुकरची तिसरी शिट्टी या सगळ्या फटी आपण रीलने बुजवून टाकल्यात. निसटत्या कल्पना पकडायलाही फोनच घ्या, बोलून ठेवा, असं बरेच जण सुचवतात. मी करून पाहिलंय. त्या रेकॉर्डिंगमध्ये मिक्सर स्वच्छ ऐकू येतो आणि मी काहीतरी पुटपुटते. त्यापेक्षा किराणा मालाच्या यादीची पाठकोरी बाजू बरी. परवाच वाण्याने माझी यादी मोठ्याने वाचली, ‘गूळ एक किलो, जिरे पाव, थोरल्याला विहिरीचं आधीच माहीत होतं,’ आणि विचारलं, ताई, हे शेवटचं कुठल्या कंपनीचं देऊ?