कादंबरीचे पहिले वाक्य

गेल्या आठवड्यात बार्देशातील एका गावच्या वाचनालयात जाण्याचा योग आला. पावसाची झड लागलेली, वीज गेलेली, आणि नियोजित वक्ते वाटेतच कुठे अडकलेले. जमलेल्या वीस-पंचवीस मंडळींचा खोळंबा होऊ नये म्हणून ग्रंथपालबाईंनी सुचविले की, प्रत्येकाने आपल्या आवडत्या कादंबरीचे पहिले वाक्य सांगावे. आठवत नसेल तर कपाटातून पुस्तक काढून मेणबत्तीच्या उजेडात वाचावे. तासाभराने वक्ते आले खरे, पण तोवर त्यांचे व्याख्यान ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणीच उरले नव्हते! त्या संध्याकाळी सात पुस्तके घरी गेली. त्यांतील दोन कित्येक वर्षांत कपाटाबाहेर निघाली नव्हती, असे बाई म्हणाल्या.

आम्हांस या घटनेचे महत्त्व वाटते. पुस्तकाचा गौरव करणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. त्यांनी पुस्तक हातात घ्यावेसे वाटतेच असे नाही. पहिले वाक्य मात्र कोणी मोठ्याने उच्चारले की पुढे काय, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. होडीत पाऊल टाकताच ती किंचित कलते, तसे काहीसे होते.

त्या बैठकीत वादही झाले. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आरंभीच आपले नाव आणि वय सांगून मोकळा होतो, जणू एखाद्या अर्जाचे रकाने भरीत आहे. एका महाविद्यालयीन मुलीने ते वाक्य वाचले आणि ती हसली. शेजारचे निवृत्त कारकून मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “ही काय कादंबरीची भाषा झाली?” साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकावर दोन पिढ्या अशा हमरीतुमरीवर याव्यात, याहून त्या पुस्तकाला अधिक काय हवे?

एका शिक्षकांनी आल्बेर काम्यूच्या १९४२ सालच्या फ्रेंच कादंबरीचा आरंभ सांगितला. निवेदक आपल्या आईच्या मृत्यूची वार्ता देतो, तीही कोरडेपणाने. परंतु आईसाठी त्याने योजलेला शब्द लहान मुलाच्या तोंडचा आहे. १९४६ च्या इंग्रजी भाषांतरात त्याच्या जागी औपचारिक शब्द आला. १९८८ च्या भाषांतरकाराने मूळ फ्रेंच शब्दच ठेवला. ‘आई गेली’ आणि ‘मातोश्री निवर्तल्या’ यांतील अंतर आपल्याकडे कोणासही समजावून सांगावे लागणार नाही. त्या एका शब्दाने तो माणूस दगड की दुखावलेले लेकरू, याचा निवाडा पालटतो.

अर्थात प्रत्येक थोर कादंबरी पहिल्या वाक्यातच गळ टाकते असे नव्हे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. यमूची ती कहाणी तिच्या बालपणापासून सावकाश उलगडते. तेव्हाचा वाचक पुढच्या अंकासाठी आठवडा काढीत असे. त्याला घाई नव्हती. केवळ चटकदार आरंभावरून पुस्तकाची पारख करू लागलो, तर हरिभाऊंवर अन्यायच होईल. पण आजचा विद्यार्थी गुणांसाठी लेखक आणि कादंबरी यांच्या जोड्या पाठ करतो आणि पहिले पानही उघडीत नाही, हा अन्याय त्याहून मोठा आहे. वाचनालयांच्या चालकांनी महिन्यातून एक संध्याकाळ या उपक्रमाला द्यावी. त्यास वक्ता लागत नाही, हारतुरे लागत नाहीत.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यांच्यापाशी निदान कागद होता. आमच्या गोव्यात पोर्तुगीज राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जात. मग कोठडीत मराठी पुस्तक कुठले? आमच्यासोबत एक वयस्क मास्तर होते. ते रात्री हरिभाऊंच्या ‘उषःकाल’चे पहिले वाक्य म्हणत. पुढचे फारसे आठवत नसे, तेव्हा कथा आम्ही रचीत असू. सत्तरीकडचा एक शेतकरी, ज्यास अक्षरओळख नव्हती, तो आमच्या रचनेतील चुका काढी. “मास्तर, तुमचें पयलें सांगणें परत सांगा, मागीर आमी पळोवया,” असे म्हणून तो आम्हांस पुन्हा आरंभाकडे नेई.

सुटकेनंतर आम्ही ती कादंबरी मिळविली आणि अधीरतेने पहिले पान उघडले. मास्तरांचे वाक्य तेथे नव्हते. त्यांच्या स्मरणात ते पार बदलून गेले होते. शब्द निराळे, क्रमही निराळा. मास्तर आज नाहीत. पुस्तक आमच्या कपाटात आहे आणि छापील वाक्य आम्ही अनेकदा वाचले आहे, पण कोणी ‘उषःकाल’चे नाव काढले की ओठांवर येते ते मास्तरांचेच.