व्हॉल्व्ह घ्यायचा तो मापाने, डबीवरच्या नावाने नाही

आजचा विषय आहे जुन्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलचे व्हॉल्व्ह. जावा, येझदी, राजदूतवाल्यांना आज सुट्टी, त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात हा प्रकारच नसतो. आपण उदाहरण घेऊ ३५० सीसीच्या कास्ट आयर्न बुलेटचं.

दिल्लीचं करोल बाग असो, पुण्याची नाना पेठ असो की चेन्नईचं पुदुपेट, दुकानदार एकच विचारतो, ‘कुठलं मॉडेल?’ नाव सांगितलं की डबी हातात येते. पण चाळीस-पन्नास वर्षांत त्या हेडची गाइड किती वेळा बदलली, सीट किती वेळा कापली, हे डबीला ठाऊक नसतं. म्हणून आधी रेकी, मग खरेदी.

हत्यारं तीनच: ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि स्मॉल होल गेज.

सुरुवात गाइडपासून करा. भोक वर, मध्ये आणि खाली मोजा, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांत. गाइड मध्ये कमी आणि दोन्ही तोंडांशी जास्त झिजते. मधलं माप बरोबर आणि तोंड घंटेसारखं पसरलेलं असेल तर आधी गाइड बदला, व्हॉल्व्ह नंतर.

आता जुना व्हॉल्व्ह. दांडीचं मूळ माप लॉकच्या खाचेलगत मिळतं, कारण तो भाग गाइडमध्ये शिरत नाही. तिथलं माप आणि मधलं माप यांतला फरक म्हणजे झीज. गाइडच्या भोकातून नव्या दांडीचा व्यास वजा केला की फट मिळते. इनलेटला साधारण ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे एक ते दोन थाउ. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून त्याला थोडी अधिक.

इथेच मोठी गफलत होते. बुलेटचा मूळ आराखडा इंग्लंडमधला, मापं इंचांत. मद्रासला उत्पादन सुरू झालं तरी इंजिनाची मापं तीच राहिली. कोणत्याही इंग्रजी गाडीत ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, ‘आठचा आहे, चालेल’ असं कोणी म्हणालं तर फरक ०.०६ चा. ऐकायला काहीच नाही, पण आपली सगळी फटच तेवढी असते. दांडी घट्ट बसली तर तापल्यावर अडकते, व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि पुशरॉड वाकतो. सैल बसली तर तेल जळतं आणि सीट वाकडी झिजते.

मग डोकं पाहा. त्याचा व्यास आणि सीटचा कोन जुळायला हवा. बहुतेक ठिकाणी तो ४५ अंश असतो, तरी खात्री करा. कडेची जाडी सर्वांत महत्त्वाची. एक्झॉस्टची कड ०.८ मिलिमीटरच्या खाली गेली तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासून वापरू नका. व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधून बाहेर जाते. पातळ कड लाल होते, जळते, फुटते. डोकं तुटून पिस्टनवर पडलं की इंजिन जाम, मागचं चाक जाम. हमरस्त्यावर ट्रकच्या पुढे असताना याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

लॉकची खाच जुन्या-नव्या व्हॉल्व्हवर शेजारी धरून बघा: आकार आणि टोकापासूनचं अंतर. जुनी लॉक नव्या खाचेत हलता कामा नयेत. एकूण लांबीही मोजा. सीट खोल कापलेली असेल तर दांडी वर येते, स्प्रिंग सैल पडते आणि रॉकरचा कोन बिघडतो. टोक घासून लांबी जुळवू नका. कडक केलेला थर पातळ असतो. तो गेला की टोक ठेचतं.

धातूसाठी लोहचुंबक वापरा. आजच्या चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्याला तो सहसा चिकटत नाही. दांडीला चिकटला तर घाबरू नका. दोन धातू जोडून व्हॉल्व्ह बनवतात.

शेवटी निळा रंग लावून सीटवर अखंड गोल उमटतो का पाहा. इंजिन थंड असताना टॅपेट असा लावा की पुशरॉड बोटांनी फिरेल, पण वर-खाली खेळणार नाही.

सगळी मापं तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वेळी दुकानात नावाऐवजी ही वही उघडा. पुढच्या भागात व्हॉल्व्ह स्प्रिंग. जय हिंद.