ईएमआय म्हणजे नवी उचलच!

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पैसे आधी हातात, फेड नंतर हंगामभर कोयता चालवून. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण मोबाइलवर ‘घरबसल्या एमबीए, फक्त ५ हजार महिना’ अशी जाहिरात आली, की हीच उचल आपल्याला ओळखू येत नाही.

मीही अशा एका जाहिरातीवर नंबर टाकून पाहिला. लगेच फोन आला, ‘ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे.’ एकूण फी किती विचारलं, तर उत्तरात पुन्हा हप्त्याचाच आकडा!

म्हणून हिशोब आपणच मांडू. समजा, २४ महिने ५ हजारांचा हप्ता, म्हणजे १ लाख २० हजार. तीच फी एकरकमी भरली तर १ लाख ८ हजार होणार असेल, तर मधले १२ हजार काय आहेत? ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी ते व्याजच. शिवाय परीक्षा शुल्क, विषय राहिला तर पुन्हा शुल्क, पदवी प्रमाणपत्राचे पैसे हे सगळं फीमध्ये धरलंय का, ते विचारा. परीक्षा घरून वेबकॅमसमोर असेल तर लॅपटॉप आणि चांगलं नेट लागणार. आणि ऐन पेपरला लाइट गेली तर?

दुसरी गोष्ट. असे हप्ते बऱ्याचदा विद्यापीठाला नाही, तर कर्ज देणाऱ्या कंपनीला जातात. कर्ज तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर. कोर्स मध्येच सोडला म्हणून कर्ज सुटत नाही. हप्ते थकले की सिबिल बिघडतो आणि उद्या बाइकचं कर्जही अडतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मिळायलाच हवं. त्यात वर्षाचा खरा व्याजदर लिहिलेला असतो. डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेरही पडता येतं.

याचा अर्थ ऑनलाइन पदवी बोगस, असं अजिबात नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य आहे, हे यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. फक्त विद्यापीठाचं आणि कोर्सचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे ‘डेब’च्या वेबसाइटवर स्वतः तपासा. २०२४ पासून प्रवेशासाठी ‘डेब आयडी’ही लागतो. ‘आमच्याकडे फ्रँचायझी आहे’ म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा, कारण अशा पदवीसाठी फ्रँचायझी चालतच नाही.

आणि स्वस्त पर्याय? ‘इग्नू’च्या एमबीएची फी साधारण ६०-६५ हजारांच्या घरात आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं तर आपल्या जिल्ह्यातच आहेत. मैत्रिणींनो, तुम्ही खास लक्ष द्या. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीमध्ये असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर सीईटी देऊन कॅप राउंडमधून रेग्युलर एमबीएला गेल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे तसा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं मात्र त्यात नाहीत. मग शहरात राहण्या-जेवण्याचा खर्च आणि घरी बसून भरायचा हप्ता, दोन्ही शेजारी शेजारी मांडून बघा.

नोकरी सांभाळून शिकायचंय, घर सोडता येत नाही, अशांसाठी ऑनलाइन कोर्स खरंच चांगला. पण उचल घेताना आपल्याकडची माणसं रक्कमही मोजतात आणि हंगामही. आपण तर कॉलेजात शिकतोय. ओटीपी सांगण्याआधी एवढं मोजायला काय हरकत आहे?