उंबरठ्यावरचा नवा माणूस

बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मराठी आणि कानडी शेजारी नांदणाऱ्या या सीमाभागात विधवेच्या दुसऱ्या संसाराला नावेही दोन : मराठीत पाट, कानडीत उडकी. कानडीत ‘उडु’ म्हणजे नेसणे. नव्या पुरुषाने दिलेले लुगडे नेसणे हा त्यातला मुख्य विधी. आपल्या किनाऱ्यावरील पांढरपेशांना मात्र हे मानवणारे नव्हते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला.

पण पाटाची मोकळीकही निखळ नव्हती. तो बहुधा रात्री, गाजावाजा न करता उरकला जाई आणि पहिल्या घरची मुले पुष्कळदा बापाच्या भावकीत राहत. ब्रिटिश मुलखातील १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यानेही पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला; मुलांसाठी वेगळा पालक मागण्याची मुभा पतीच्या नातलगांना दिली. नवा संसार हवा तर मुलावर पाणी सोडण्याची तयारी ठेवा, असाच त्याचा अर्थ!

तो कायदा १९८३ साली रद्द झाला. आता तर काही स्त्रिया विवाहावाचूनही जोडीदारासह राहतात. विवाहसदृश संबंधातील स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण दिले आहे. मुलाचे काय? १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यानुसार सावत्र बाप नैसर्गिक पालक ठरत नाही. मग विवाहावाचून आलेला पुरुष कोठून ठरणार? याउलट, पुनर्विवाहित विधवेने मुलाला कोणते आडनाव द्यावे हे तीच ठरवील, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२२ रोजी दिला. तिच्या विरोधात मृत पतीचे आईवडील उभे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अधिकार आईचा, म्हणून जबाबदारीही प्रथम तिची. नव्या माणसाला रात्रीच्या पाटासारखे गुपचूप घरात आणू नये. मुलाला आधी सांगावे, त्याची माणसाशी ओळख होऊ द्यावी, ‘बाबा’ म्हणण्याची सक्ती करू नये. त्या माणसाचे वागणे मुलाला खटकले, तर ते ऐकून घ्यावे. गेलेल्या बापाची तसबीर भिंतीवरून उतरवण्याची घाई नको. आजीआजोबांची दारेही बंद होऊ नयेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कुजबुज आवरावी, कारण तिचे घाव आईपेक्षा मुलालाच अधिक लागतात.

आईला पुन्हा संसार थाटण्याचा हक्क आहेच. त्याची किंमत मुलाने मोजावी, हा जुना व्यवहार मात्र आता बंद झाला पाहिजे.