बहुभाषक वर्गातील भाषाशिक्षण (माध्यमिक शाळा, कोल्हापूर)

बहुभाषक वर्गातील भाषाशिक्षण म्हणजे विद्यार्थ्यांच्या घरच्या भाषा, बोली आणि शिकण्याच्या गती परस्परांहून भिन्न असलेल्या वर्गात केले जाणारे भाषेचे अध्यापन. महाराष्ट्रात पाचवी किंवा आठवीपासून दहावीपर्यंतचे वर्ग चालविणाऱ्या शाळेला सामान्यतः माध्यमिक शाळा किंवा हायस्कूल म्हटले जाते. या टप्प्यावर विद्यार्थ्याला किमान तीन भाषा अभ्यासाव्या लागतात आणि गणित, विज्ञान, इतिहास हे विषयही त्याला भाषेतूनच समजून घ्यावे लागतात. त्यामुळे भाषेतील अडचण केवळ भाषेच्या तासापुरती राहत नाही. या लेखात कोल्हापूर शहराच्या, विशेषतः राजारामपुरीसारख्या मिश्र वस्तीच्या भागाच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील मुले शिक्षणासाठी एकत्र येण्याची परंपरा शाहू महाराजांच्या काळापासूनची आहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जैन, लिंगायत व इतर समाजांची वसतिगृहेही याच काळात उभी राहिली. १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर झाले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा आदेश निघाला. या निर्णयांचे सामाजिक मोल सर्वपरिचित आहे. त्यांची भाषिक बाजू मात्र फारशी चर्चिली जात नाही. खेड्यांतून आलेली, घरी कन्नड किंवा दख्खनी बोलणारी आणि ग्रंथांतील मराठी कधीही न ऐकलेली मुले एका फळ्यासमोर बसू लागली, ती या निर्णयांमुळेच.

राजारामपुरी ही शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या नावाने वसविलेली, क्रमांकित गल्ल्यांची आखीव वसाहत आहे. ताराराणी विद्यापीठाचे कमला महाविद्यालय याच भागात असून शिवाजी विद्यापीठाचा परिसरही येथून दूर नाही. मुख्य रस्त्यावर बाजारपेठ, गल्ल्यांतून दवाखाने व शिकवण्या, आणि आसपासच्या उपनगरांतून केएमटीने येणारे विद्यार्थी, असे या भागाचे स्वरूप आहे.

वर्गात येणाऱ्या भाषा

कोल्हापूर जिल्ह्याची दक्षिण व पूर्व बाजू कर्नाटकाला भिडलेली आहे. गडहिंग्लज, कागल, शिरोळ या तालुक्यांत कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत आणि सीमेपलीकडे निपाणी, बेळगाव भागांत मराठी बोलणारी. शहरातील मुस्लिम कुटुंबांत दख्खनी, व्यापारी कुटुंबांत गुजराती व मारवाडी, शेजारच्या गांधीनगरात सिंधी ऐकू येते. बांधकाम, वस्त्रोद्योग व फाउंड्रीच्या कामासाठी उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुले घरी हिंदीच्या विविध बोली बोलतात.

मराठी हीच मातृभाषा असलेल्या मुलांची घरची मराठीसुद्धा पाठ्यपुस्तकातील नसते. ‘आम्हाला’ऐवजी ‘आमास्नी’, ‘त्याला’ऐवजी ‘त्येला’, ‘फार’ऐवजी ‘लई’ ही रूपे कोल्हापुरी बोलीत स्वाभाविक आहेत. येथील मुली व स्त्रिया ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे म्हणतात. पुण्याच्या माणसाला ही चूक वाटते, पण बोलीच्या व्याकरणात ती चूक नव्हे. आनंद यादवांचे कागल आणि शंकर पाटलांचे पट्टणकोडोली ही दोन्ही गावे याच जिल्ह्यातली. यादवांच्या ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत शाळेसाठी चाललेली एका मुलाची झुंज आहे आणि तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या बोलीने मराठी साहित्याला एवढे दिले, तीच बोली निबंधाच्या वहीत तांबड्या शाईने खोडली जाते, ही विसंगती नोंदविण्याजोगी आहे.

अलीकडे आणखी एक गट वाढला आहे. मातृभाषा मराठी, पण शाळा इंग्रजी माध्यमाची. ही मुले मराठी अस्खलित बोलतात, परंतु मराठी परिच्छेद वाचताना अडखळतात. मराठी माध्यमाच्या अनेक शाळांतही गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे ‘सेमी-इंग्रजी’ वर्ग आहेत. तेथे विद्यार्थी एकाच दिवसात ‘त्रिज्या’ आणि ‘रेडियस’ या दोन्ही शब्दांशी झगडत असतो.

एकच चूक, तीन कारणे

वहीत ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा लिहिलेला आढळला, तर शिक्षक तो दुरुस्त करतो आणि पुढे जातो. वस्तुतः त्या एका अक्षरामागे तीन वेगळी कारणे असू शकतात.

पहिले कारण बोलीचे. ज्याच्या घरी ‘ण’ आणि ‘न’ यांत फरक केला जात नाही, तो मुलगा ऐकतो तसेच लिहितो. असा मुलगा ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ असे नियमितपणे लिहील. त्याच्या चुकीला सातत्य असते. त्याला उच्चारातील भेद ऐकवून शब्दांच्या जोड्या दिल्या, म्हणजे त्याचे लेखन लवकर सुधारते.

दुसरे कारण परभाषेचे. हिंदी भाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘पानी’ हा बरोबर शब्द आहे, कारण त्याच्या भाषेत तो तसाच आहे. त्याच्या अशा चुका एकाकी नसतात. मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून तो ‘चांगली पुस्तक’ लिहितो. ‘ळ’ऐवजी ‘ल’ लिहितो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून व त्याला धरून, हिंदीत नसल्यामुळे त्याचा गोंधळ होतो. ‘शिक्षा’ या शब्दाचा मराठीतला रूढ अर्थ कळल्यावर तर तो दचकतोच. (केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ या योजनेच्या नावाने मराठी पालकांनाही क्षणभर असेच दचकायला होते.) कन्नड भाषक मुलाची अडचण निराळी. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सामान्यतः नपुंसकलिंगीच असतात. त्यामुळे खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’ का, याला त्याच्यापाशी काही आधार नसतो. ‘मी पुस्तक वाचले’ याऐवजी ‘मी पुस्तक वाचलो’ असे तो लिहितो, कारण त्याच्या भाषेत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. दख्खनी बोलणाऱ्या मुलाला हा प्रश्न हिंदीच्या तासाला भेडसावतो. दख्खनीत ‘मैं किया’ चालते, पुस्तकी हिंदीला ‘मैंने किया’ हवे असते. या मुलांना शुद्धलेखनाच्या यादीपेक्षा दोन भाषांची तुलना अधिक उपयोगी पडते.

तिसरे कारण अध्ययन अक्षमतेचे. अशा विद्यार्थ्याच्या एकाच पानावर ‘पाणी’, ‘पानी’ आणि ‘पाण’ ही तिन्ही रूपे सापडतात. त्याच्या चुकीला सातत्य नसते. देवनागरी लिपी उच्चाराला बरीच जवळची असल्याने मराठी वाचनात अशी मुले चुकण्यापेक्षा संथ वाचताना अधिक दिसतात. इंग्रजीत मात्र त्यांची अडचण एकदम उघडी पडते. देवनागरीचेही काही अवघड कोपरे आहेत. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. ‘कर्म’मधला ‘र’ आधी ऐकू येतो, पण लिहायचा ‘म’च्या डोक्यावर. जोडाक्षरांचे आकारही एकसारखे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र अक्षमतेचे लक्षण मानता येत नाहीत, कारण त्या सर्वच विद्यार्थी करतात, आणि पदवीधरही.

या तिघांना एकच उपाय केला, तर पहिल्याला आपली बोली हीन वाटू लागते, दुसरा मराठीचा नाद सोडतो आणि तिसरा ‘आळशी’ ठरतो. माध्यमिक शाळेत येईपर्यंत हे शिक्के बऱ्याचदा पक्के झालेले असतात. आठवीपर्यंत अनुत्तीर्ण न करण्याची तरतूद होती, तेव्हा कित्येक मुलांची अडचण नववीच्या पहिल्या घटक चाचणीपर्यंत कोणाच्या लक्षातच आलेली नसे.

अभ्यासक्रम व परीक्षा

पाठ्यपुस्तके बालभारती तयार करते. या संस्थेची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात झाली. मराठी प्रथम भाषा म्हणून घेणाऱ्यांसाठी ‘कुमारभारती’ आणि इतर माध्यमांतील विद्यार्थ्यांसाठी ‘अक्षरभारती’ अशी मराठीची दोन पुस्तके आहेत. मराठी माध्यमाच्या दहावीत मराठी, इंग्रजी आणि हिंदी अशा तीन भाषा असतात. हिंदीऐवजी हिंदी व संस्कृत निम्म्या निम्म्या गुणांसाठी घेण्याची सोय आहे. परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे येतात.

२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्याची अंमलबजावणी २०२०-२१ पासून पहिली व सहावी या इयत्तांपासून टप्प्याटप्प्याने ठरली. पाळला न गेल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

भाषेच्या १०० गुणांपैकी ८० लेखी व २० तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत हे २० गुण वगळण्यात आले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढील वर्षापासून अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात, हा आक्षेप खोटा नाही. तरीही बोलण्यात चांगला पण लेखनात मागे असलेल्या विद्यार्थ्याला आपली भाषा दाखविण्याची हीच एक जागा असते. ती काढून टाकण्यापेक्षा तोंडी परीक्षा खरोखर घेणे हा अधिक योग्य मार्ग होता.

कायद्याने मिळणाऱ्या सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले असून त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. राज्य मंडळाच्या सवलतींमध्ये एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय घेण्याचीही सोय आहे. २००७ मधील ‘तारे जमीन पर’ या चित्रपटानंतर पालकांमध्ये या अडचणीची जाण वाढली.

सवलतीसाठी अधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. ते मिळविण्यास वेळ लागतो, म्हणून दहावीच्या सहामाहीनंतर धावपळ करण्यापेक्षा आठवीतच तपासणी झालेली बरी. भाषा सोडण्याची सवलत घेताना कोणती भाषा सोडायची याचाही विचार व्हावा. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलाची मराठी कच्ची आहे, म्हणून त्याला अक्षमतेच्या तपासणीला पाठविणे चुकीचे. आधी त्याच्या मातृभाषेतील वाचन पाहिले पाहिजे. तो हिंदी किंवा कन्नड सहज वाचत असेल, तर प्रश्न अक्षमतेचा नसून मराठीच्या सरावाचा आहे.

शाळा काय करू शकते

सर्वांत स्वस्त साधन शाळेच्या कपाटातच असते. जनरल रजिस्टरमध्ये आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेचा रकाना आहे. तो बहुधा उपचार म्हणून भरला जातो. प्रवेशाच्या वेळी ‘घरी आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस?’ एवढे विचारले, तरी वर्गशिक्षकाला वर्षभर पुरेल इतकी माहिती मिळते.

बोलीभाषक मुलांसाठी रूपांतराचा सराव उपयुक्त ठरतो, तोही दोन्ही दिशांनी: बोलीतील संवाद प्रमाण मराठीत आणि पाठातील उतारा बोलीत. दुसऱ्या दिशेला अनेक शिक्षक बिचकतात, परंतु दोन्ही रूपे समोरासमोर आल्यावाचून भेद कळत नाही. परिपाठात कन्नड किंवा गुजराती म्हणी सांगणे, वार्षिक हस्तलिखितात बोलीतील कथेला जागा देणे, हेही करता येते. नव्याने आलेल्या परभाषक मुलाला ‘कुमारभारती’च्या जोडीने खालच्या इयत्तेचे ‘अक्षरभारती’ वाचायला दिल्यास त्याला पायरी मिळते.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना फळ्यावरील मजकूर उतरवून घेण्याचे काम कमी द्यावे, प्रश्न वाचून दाखवावा आणि उत्तरातील आशयाला व शुद्धलेखनाला वेगळे गुण द्यावेत. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत ‘शिवाजी’ची वेलांटी चुकली म्हणून उत्तर चुकले असे होत नाही. अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी मोठा टाइप व पुढील बाक, अंधांसाठी ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित पाठ, कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषा व फळ्यावर लेखी सूचना, या सोयी शाळेतील विशेष शिक्षकाच्या मदतीने करता येतात. असा शिक्षक प्रत्येक शाळेला स्वतंत्र मिळत नाही.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय हे प्राथमिक शाळेचे उदाहरण असले, तरी मुलांच्या स्वतःच्या अनुभवातून त्यांना लिहिते करण्याची त्याची पद्धत माध्यमिक शिक्षकांनीही पाहण्यासारखी आहे.

अडचणी

मोठा पट, पोर्शन संपविण्याची घाई आणि शाळाबाह्य कामे यांमुळे भाषेच्या शिक्षकाला एकेका वहीवर थांबणे कठीण जाते. चुकीचे कारण शोधायचे, तर निदान दोन-तीन निबंध शेजारी ठेवून वाचावे लागतात. शिकवणी वर्गांत मिळणारी तयार निबंधांची पाने हीही एक अडचण आहे. पाठ केलेल्या निबंधात मुलाची स्वतःची भाषा आणि तिच्यातील चुका दोन्ही दिसेनाशा होतात.

लेखनिकाच्या बाबतीत एक प्रश्न अद्याप नीट सुटलेला नाही. दहावीच्या परीक्षार्थीला लेखनिक म्हणून सहसा खालच्या इयत्तेतील विद्यार्थी दिला जातो. भाषेच्या प्रश्नपत्रिकेत परीक्षार्थी ‘पाणी’ म्हणतो आणि नववीतला लेखनिक सवयीने ‘पानी’ लिहितो. गुण कापले जातात ते परीक्षार्थीचे. अवघड शब्द अक्षरशः सांगण्याचा सराव परीक्षार्थीकडून आणि ऐकले तसे लिहिण्याचा सराव लेखनिकाकडून परीक्षेच्या आधी काही आठवडे करून घेणे, एवढे शाळेच्या हाती राहते.