झोका चढतोय, बॉस!

नागपंचमीला देवळाली प्रवराला गेलात तर झोक्यावर उभं राहून बघाच. ढकलायला कुणी नको. नेमक्या क्षणी गुडघे वाकवायचे, नेमक्या क्षणी उठायचं, झोका चढत जातो. टायमिंग चुकलं की उतरतो. मायक्रोवेव्हचा 'क्वांटम' प्रकाश याच ट्रिकने बनतो!

लहरी तुमच्या ओव्हनमधल्याच जातीच्या. पण त्यांचा एकेक फोटॉन भलताच दुबळा, साध्या उजेडाच्या फोटॉनपेक्षा सुमारे लाखपटीने. खोलीच्या नुसत्या उबेतच असे हजारभर फोटॉन गोंगाट घालतात. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं सर्किट उणे २७३ अंशांच्या आसपास, निरपेक्ष शून्याला जवळजवळ टेकेपर्यंत गार करतात.

आता गुडघे कुठले? जोसेफसन जंक्शन: दोन धातूंच्या थरांमध्ये ऑक्साइडचा पापुद्रा. त्याला दुप्पट वेगाने 'पंप' केलं की लहर फुगते. गंमत पुढेच आहे. थांबलेल्या झोक्यावर कितीही उठाबशा काढा, तो ढिम्म हलत नाही. सर्किट मात्र पूर्ण थांबतच नाही. रिकाम्या पोकळीचीही थरथर असते. ती एका अंगाने वाढते, दुसऱ्या अंगाने दबते. दबलेल्या अंगाला पोकळीपेक्षाही कमी गोंगाट! हा 'स्क्वीझ्ड' प्रकाश.

क्युबिटचं उत्तर मोजक्याच फोटॉन्समध्ये येतं. साधा अ‍ॅम्प्लिफायर ते स्वतःच्याच खरखरीत बुडवतो. जोसेफसन जंक्शनचा अ‍ॅम्प्लिफायर वापरून आर. विजयराघवन आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये बर्कलीत क्युबिटच्या उड्या चालू असतानाच टिपल्या. पुढे ते कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आले. तिथे २०२४मध्ये सहा क्युबिटचा प्रोसेसरही तपासून झाला.